कुरोन्यूफ्का

वॉर्सामधील ज्या कार्यालयात मी पगारपत्रकांचे काम पाहतो, तेथे मागच्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी एकदम 14 जणांची नोकरी संपली. नोकरी सुटताना मालकाकडून मिळणारे सेवा-प्रमाणपत्र घेऊनच येथला माणूस रोजगार कार्यालयात बेकार म्हणून नाव नोंदवायला जातो, त्यामुळे त्या सर्व कागदांवरील तारखा तपासण्याचे काम सकाळपासून माझ्याकडे होते. दुपारी एक तरुण सहकारी समोर येऊन बसला आणि त्याने विचारले, "मला कुरोन्यूफ्का मिळेल ना?"

बेकारी भत्त्याला पोलंडमध्ये असे म्हणतात, एवढे मला ठाऊक होते. हा शब्द यात्सेक कुरोन या माणसाच्या नावावरून आला, हे मात्र शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या बाईंनी त्या दिवशी सांगितले. त्यांचे वडील उर्सुसच्या ट्रॅक्टर कारखान्यात कामाला होते. जून 1976 मध्ये सरकारने खाद्यपदार्थांचे भाव एकदम वाढवण्याचे जाहीर केले, तेव्हा रादोम आणि उर्सुस येथील कामगारांनी काम बंद पाडले, उर्सुसच्या कामगारांनी तर रेल्वेमार्गही अडवला, आणि त्यापायी अनेकांना मारहाण, तुरुंगवास व बडतर्फी भोगावी लागली. त्यांत या बाईंचे वडीलही होते. घरातली मिळकत थांबली असताना दारात एक अनोळखी विद्यार्थी पैसे घेऊन उभा राहिला, ते बाईंना अजून आठवते. तो ज्या कामगार संरक्षण समितीच्या वतीने आला होता, तिच्या संस्थापकांपैकी कुरोन एक होते.

1934 मध्ये ल्वूफ येथे, म्हणजे आजच्या युक्रेनमधील लव्हिव्हमध्ये जन्मलेले कुरोन आरंभी निष्ठावान कम्युनिस्ट होते. पण कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात सत्ता कामगारांच्या नव्हे, तर पक्षाच्या नोकरशाहीच्या हाती आहे, असे त्यांनी आणि कारोल मोद्झेलेव्स्की यांनी पक्षाला लिहिलेल्या खुल्या पत्रात मांडले, आणि 1965 मध्ये कुरोन यांना 3 वर्षांची शिक्षा झाली. 1968 च्या विद्यार्थी आंदोलनानंतर पुन्हा तुरुंग, आणि डिसेंबर 1981 मध्ये लष्करी कायदा लागू होताच स्थानबद्धता. ते आत असतानाच, 1982 मध्ये, त्यांच्या पत्नीचे निधन झाले. हे सांगताना बाई थोडा वेळ थांबल्या.

1989 मध्ये कम्युनिस्ट सरकार आणि विरोधक यांच्यात गोलमेज वाटाघाटी आणि मग निवडणुका झाल्यावर हाच माणूस पंतप्रधान माझोव्येत्स्की यांच्या सरकारात कामगारमंत्री झाला. 1 जानेवारी 1990 पासून देशाला बाजारव्यवस्थेकडे नेणाऱ्या, अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांच्या आर्थिक सुधारणा सुरू झाल्या. ज्या देशात बेकारी कागदोपत्री नव्हतीच, तेथे वर्षअखेर 10 लाखांहून अधिक लोक बेकार झाले. ज्या कामगारांसाठी कुरोन तुरुंगात गेले, त्यांना नोकरी गेल्याचे कारण सांगण्याची पाळी त्यांच्यावरच आली, आणि दर आठवड्याला दूरदर्शनवर येऊन, समजेल अशा साध्या भाषेत, ते ती पार पाडत राहिले. लोकांनी भत्त्याला त्यांचे नाव दिले, आणि गरिबांना फुकट मिळणाऱ्या सुपालाही तेच नाव पडले. मला विचाराल तर तुरुंगवासापेक्षा हे ओझे जड होते. ज्याच्या सरकारच्या धोरणाने चटका बसला, त्याचेच नाव लोकांनी आधाराला द्यावे, हे मला दुसरीकडे कोठे दिसलेले नाही. 1995 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते तिसरे आले. 2004 च्या जूनमध्ये वॉर्सात वारले. "आमच्या वडिलांची नोकरी 1991 मध्ये पुन्हा गेली," बाई म्हणाल्या, "पण कुरोनना त्यांनी कधी दोष दिला नाही."

तो तरुण हे सारे ऐकत समोरच बसून होता. भत्त्यासाठी मागील 18 महिन्यांत किमान 365 दिवस काम झालेले असावे लागते, आणि त्याच्या दोन करारांमध्ये खंड होता. मी दिवस मोजले, खात्रीसाठी बाईंनीही मोजले. 372 भरले. तो आकडा मी एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या प्रमाणपत्राला जोडला.