डफड्याचा ठेका लॅपटॉपवर : होळी ते रोवणी

होळी झाली, झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या नाटकांचा, सीझन संपला आणि दरवर्षीसारखा ऑक्टापॅड (काडीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक तालवाद्याचा पॅड) कापडात गुंडाळून माळ्यावर टाकायच्या ऐवजी या वेळी मी तो लॅपटॉपला जोडला. सात वर्षं झाली, वडसा भागातल्या नाट्यमंडळांत ऑक्टापॅड आणि ढोलक वाजवतो. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, लागल्या की रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटेच पडतो, आणि आम्ही वादक रंगमंचासमोर बसून लावणीपासून मारामारीपर्यंत सगळं वाजवतो. हाताला काम भरपूर मिळतं, पण स्वतःचं असं काही रेकॉर्ड करून ठेवलेलं एकही नव्हतं. मनात एकच गोष्ट होती : आमच्या गावचं डफडं आणि इलेक्ट्रॉनिक आवाज एकत्र असलेला चार-पाच मिनिटांचा एक तुकडा तयार करायचा. होळीपासून रोवणीपर्यंत, म्हणजे धानाच्या लावणीपर्यंत, काय काय झालं ते लिहून ठेवतो. ऑक्टापॅड, ढोलक किंवा मिरवणुकीतलं धुमाळ वाजवणाऱ्या कोणाला उपयोगी पडलं तर आनंदच आहे.

मार्चअखेर

लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅमचा. नागपूरचा एक मित्र एफएल स्टुडिओ या संगीत रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून आधी त्याचं ट्रायल घेतलं. त्यात प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण बंद केल्यावर परत उघडता येत नाही. रोज तासभरच बसायला मिळणाऱ्या माणसाला हे जमत नाही. मग रीपर हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. डाउनलोड एवढं लहान की गावातल्या नेटवरही चहा होईपर्यंत उतरलं. ६० दिवस सगळं खुलं मिळतं, आणि नंतरचं वैयक्तिक लायसन ६० डॉलरचं. एका सीझनच्या दोन-तीन नाइटच्या (प्रयोगांच्या) पैशात ते बसतं, म्हणून मुदत संपताच घेऊन टाकलं.

माझा पॅड रोलँडचा एसपीडी-२०. त्याला यूएसबी नाही, मागे पाच पिनांचं मिडी आउट आहे, म्हणजे वाद्य दुसऱ्या यंत्राला जोडायची जागा. बाजारातून मिळाली ती स्वस्तातली मिडी-यूएसबी केबल लावली आणि तीन दिवस वाया गेले. सावकाश वाजवलं की सगळं बरोबर, पण रोल (भरभर ठोके) सुरू केला की मधले ठोके गायब. मी पॅडचे रबर तपासले, सेन्सिटिव्हिटी बदलली, लॅपटॉप दोनदा फॉरमॅट करायच्या बेतात होतो. दोष केबलचाच निघाला. दुसरी घेतली आणि प्रश्न मिटला. तुमचेही ठोके गळत असतील तर आधी केबल बदलून बघा.

या निमित्तानं मिडी म्हणजे काय ते पहिल्यांदा नीट कळलं. १९८३ मध्ये ठरलेली ही भाषा आवाज पाठवतच नाही. कोणता पॅड वाजला आणि किती जोरात, एवढाच निरोप जातो. जोर १ ते १२७ या आकड्यांत. प्रत्येक आवाजाला नंबर असतो : ड्रमसेटच्या किकचा ३६, स्नेअरचा ३८, मिटलेल्या हायहॅटचा ४२. १९८५ सालच्या रोलँडच्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये तर स्वतःचा एकही आवाज नव्हता, तो फक्त दुसऱ्या यंत्राला निरोप द्यायचा. सात वर्षं मी या वाद्याकडे आवाजाची पेटी म्हणून बघत होतो.

एप्रिल

पॅडवर काडी पडते आणि आवाज उशिरा येतो, हा प्रत्येक वादकाला पहिल्या दिवशी येणारा त्रास मलाही आला. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर तर वाजवणंच अशक्य. एएसआयओ-फोर-ऑल हा मोफत ड्रायव्हर टाकला आणि बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप साठवून ठेवतो तो तुकडा, कमी करत गेलो. हिशोब सोपा आहे : सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या सॅम्पल रेटला बफर १०२४ नमुन्यांचा असेल तर बफरचाच उशीर २३ मिलिसेकंद. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे आपलंच वाद्य आठ मीटरवर ठेवून वाजवल्यासारखं. २५६ ला हा उशीर सहाच्या आत येतो, म्हणजे दोन मीटर. नाटकात माझ्या आणि ऑर्गनवाल्याच्या मध्ये तेवढं अंतर असतंच, हाताला ते खटकत नाही. १२८ वर माझ्या लॅपटॉपमधून चरचर यायला लागली, म्हणून २५६ वर थांबलो.

मग केरवा वाजवला. साधा, भजनात वाजतो तसा. रेकॉर्ड झाला, ऐकला, दोन ठिकाणी सुटल्यासारखा वाटला. सगळे ठोके निवडून क्वांटाइझ केलं, म्हणजे प्रत्येक ठोका स्क्रीनवरच्या तालाच्या रेषेवर ओढून बसवला, आणि केरवा मेला. प्रत्येक ठोका रेषेवर होता, मात्रा आठच होत्या, पण त्यावर कोणाची मान हलली नसती. ह्यूमनाइझ नावाची सोय आहे, ती ठोके थोडे थोडे इकडेतिकडे सरकवते. तीही लावून पाहिली. ती कुठेही सरकवते, आणि आपला हात असा कुठेही सरकत नाही. इथेच ठरवलं की आधी खरा हात मोजायचा, मग पुढचं.

मे

हा महिना मी आयुष्यभर विसरणार नाही.

माझे मोठे बाबा पोळ्याला डफडं वाजवतात. वय सत्तरीच्या पुढे, पण तोरणाखाली बैल उभे राहिले की अजून तेच पुढे असतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "पोळ्याले अजून टाइम हाय न बापा, आत्ता कायले?" दोन दिवसांनी स्वतःच डफडं घेऊन आले.

रेकॉर्डिंगची जागा शोधायला वेळ लागला. घरातली मोठी खोली घुमते. शेवटी धानाच्या पोत्यांची कोठी सापडली. तिन्ही भिंतींना पोत्यांच्या थप्प्या आणि चौथ्या बाजूला तणसाचे (धानाच्या पेंढ्याचे) भारे. टाळी वाजवली तर मागे काहीच उरत नाही. पैसे घालून केलेल्या स्टुडिओत याहून वेगळं काय मिळालं असतं मला सांगता येणार नाही. ओळखीच्या एका साउंडवाल्याकडून दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस आणि एक माइक आठवडाभरासाठी आणला होता. पहिल्याच दिवशी हेडफोनमध्ये सतत घूं असा आवाज. घराला अर्थिंग धड नाही, त्यातून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण. चार्जर काढला, लॅपटॉप बॅटरीवर घेतला, आणि सगळं शांत. त्यानंतर रेकॉर्डिंग कायम बॅटरीवरच केलं. दुपारी तर काम होणारच नव्हतं, आमच्या ब्रह्मपुरीकडचा पारा मेमध्ये ४५-४६ ला टेकतो आणि लॅपटॉप धापा टाकतो. पहाटे चार ते सहा एवढीच वेळ.

मोठे बाबांनी मूठभर तणस पेटवून डफडं शेकलं. अंगठा फिरवत, कान लावत, मध्येच उलटं करून. चामडं ताणलं की आवाज खणखणीत होतो, आणि दहा-बारा मिनिटांत परत उतरायला लागतो. म्हणून एक एक फेरी दहा मिनिटांचीच केली, मग पुन्हा शेकायचं. पातळी अशी ठेवली की सर्वांत जोराचा ठोकाही उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये. शून्याला टेकला की डिजिटलमध्ये आवाज फाटतो आणि तो दुरुस्त होत नाही.

डफड्याला दोन काड्या. उजव्या हातात जाड, डाव्या हातात बारीक आणि लवचीक. साध्या चालीत एका मात्रेत चार ठोके पडतात : पहिला आणि तिसरा जाड काडीचा, दुसरा आणि चौथा बारीक काडीचा. मिनिटाला ९२ मात्रांच्या लयीत वाजवलेले चाळीस फेर (आवर्तनं) निवडले. रीपरमध्ये टॅब दाबलं की कर्सर पुढच्या ठोक्याच्या सुरुवातीवर उडी मारतो. तसं करत करत प्रत्येक ठोक्याची वेळ वहीत लिहिली. तीन पहाटा गेल्या.

९२ च्या लयीत एक मात्रा ६५२ मिलिसेकंदांची, म्हणजे चार सारखे भाग केले तर प्रत्येक १६३ चा. जाड काडीचे ठोके जवळपास रेषेवरच निघाले. बारीक काडीचा पहिला ठोका, म्हणजे मात्रेतला दुसरा, सरासरी २६ मिलिसेकंद उशिरा. चौथा फक्त १० उशिरा. चाळीस फेरांत हे इतकं सातत्यानं येत होतं की मी वही बंद करून बाहेर जाऊन बसलो. ज्याला आम्ही ठेक्याची ओढ म्हणतो ती वहीत आकडा होऊन समोर आली होती.

स्विंग नावाचं बटण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं, ते ठोक्यांच्या प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका मागे ढकलतं. रॉजर लिनच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनपासून ते चालत आलंय. जोडीचा वेळ शंभर धरला तर दुसरा ठोका ५० वर म्हणजे सरळ आणि ६६ च्या आसपास गेला की तिस्र जाती, म्हणजे मात्रेचे तीन भाग. मोठे बाबांचा दुसरा ठोका या मापानं ५८ वर येतो आणि चौथा ५३ वर. बटण मात्र दोन्हीला एकच माप लावतं. म्हणून ५८ लावलं तरी ते डफडं होत नाही, ५३ लावलं तरी होत नाही.

त्यांना विचारलं, हा दुसरा ठोका तुम्ही मुद्दाम मागे ठेवता का? त्यांनी डफडं मांडीवर घेतलं, जाड काडी मारली आणि माझं बोट चामड्यावर ठेवलं. "पाय, हालते का नाई? हे हालत असताना बारीक काडी टाकली त आवाज फाटते. म्हनून जराशी थांबवा लागते." बोटाखाली चामडं खरंच थरथरत होतं. तिसरा ठोका ते हलका मारतात, चामडं कमी हलतं, म्हणून चौथ्याला तेवढं थांबावं लागत नाही. एवढं साधं कारण.

मग लय वाढवून ११२ वर वाजवायला सांगितलं. दुसऱ्या ठोक्याचा उशीर १४ वर आला. त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं तेव्हा दिसलं की लय वाढली की ते बारीक काडी पुढे सरकवून आखूड धरतात आणि जाड काडीचा जोरही कमी करतात. म्हणजे एका लयीची ओढ दुसऱ्या लयीला चिकटवून चालणार नाही, प्रत्येक लयीचं माप वेगळं घ्यायला हवं. नाटकात मी लय बदलताना हेच करत असणार, पण कधी पाहिलं नव्हतं.

जून

रीपरसाठी एसडब्ल्यूएस नावाचं मोफत एक्स्टेन्शन मिळतं, त्यात ग्रूव्ह टूल आहे, ते ठोके नेमके किती मागेपुढे पडतात तो साचा साठवतं. वहीतल्या सरासरीनुसार मिडीचे ठोके मांडून त्यांचा ग्रूव्ह साठवला : एक ९२ चा, एक ११२ चा. आता कोणताही ठेका वाजवला की रेषेऐवजी तो या ग्रूव्हवर बसवता येतो, आणि किती टक्के बसवायचा तेही ठरवता येतं. डफड्याला पूर्ण शंभर, हायहॅटला साठ. हायहॅटही शंभर केला की दोन्ही एकमेकांत मिसळून डफड्याची बारीक काडी हरवते. थोडी फट राहिली की दोघं वेगळे ऐकू येतात.

सॅम्पलचं, म्हणजे रेकॉर्ड केलेला एकेक ठोका कापून पॅडवर लावायचं, काम कंटाळवाणं आहे, थोडक्यात सांगतो. प्रत्येक काडीचे पाच जोरांचे ठोके, प्रत्येक जोराचे चार वेगवेगळे. एकच ठोका परत परत वाजला की कान लगेच पकडतो, मशीनगनसारखं होतं. चार आलटून पालटून आले की कान फसतो. हे सगळं रीपरच्या आतल्याच सॅम्पलरमध्ये बसलं, वेगळं काही घ्यावं लागलं नाही. एक अडचण मात्र पॅडची होती. नाटकाच्या सवयीनं माझा हात जड, प्रत्येक ठोका १०० च्या वर. खालचे तीन थर वाजतच नव्हते. व्हेलॉसिटीचा (ठोक्याच्या जोराचा) कर्व्ह बदलला आणि दहा दिवस रोज अर्धा तास फक्त हलकं वाजवायचा सराव केला. दोन्ही लागलं.

डफड्याखाली रोलँडच्या ८०८ या जुन्या ड्रम मशीनच्या जातीचा लांब, खोल किक ठेवला, फक्त समेवर. हेडफोनमध्ये छाती भरून यायची, आणि मोबाइलवर ऐकलं तर किक गायबच. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला ५० हर्ट्झ झेपतच नाही. किकवर थोडं सॅच्युरेशन टाकलं, त्यानं वरचे सूर तयार झाले आणि आता मोबाइलवरही तो आहे हे कळतं. आपले लोक गाणी मोबाइलवरच ऐकतात, म्हणून मी शेवटची तपासणी आता त्याच्यावरच करतो.

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मोठे बाबांना दीड मिनिटांचा तुकडा ऐकवला. यात त्यांनी सलग वाजवलेलं काहीच नव्हतं, ठोके त्यांचे आणि मांडणी माझी. डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "हे म्या कवा वाजवलं?" मी सांगितलं की हे मी पॅडवर वाजवलंय. पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी हात वर करून थांबवलं. "हे पाय, दुसऱ्या फेराले येवढ्या जोरानं नाई मारत. तीन फेर दबून चालवाचे, चौथ्याले उघडाचं."

मी परत मूळ रेकॉर्डिंग उघडलं आणि या वेळी वेळेऐवजी जोर पाहिला. चार फेरांचा एक गट, तीन दबलेले, चौथा उघडा, सगळीकडे. महिनाभर मी तीच फाइल उघडून बसलो होतो आणि ठोका कुठे पडतो एवढंच मोजत होतो. रात्री जागून सगळ्या तुकड्याचे जोर चार-चार फेरांत बसवले. ग्रूव्ह टूलमध्ये व्हेलॉसिटीचीही सोय आहे, पण हे मी हातानंच केलं.

आत्ताची स्थिती : ९२ च्या लयीतली सव्वादोन मिनिटं पक्की आहेत. ११२ चा भाग कच्चा आहे, तिथे डफड्यासोबत खंजिरी हवी आहे. गावच्या भजन मंडळातले दोघं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणताना उत्तम खंजिरी वाजवतात, त्यांनी हो म्हटलंय. खंजिरीच्या झांजा डफड्यापेक्षा कितीतरी वर वाजतात, म्हणून माइक फूटभर तरी लांब ठेवावा लागेल असं वाटतंय. कोणी खंजिरी रेकॉर्ड केली असेल तर माइक कुठे ठेवला ते सांगा.

पऱ्हे (धानाची रोपं) तयार झालेत, सोमवारपासून आमच्या बांधीत (शेतात) रोवणी आहे. पंधरा-वीस दिवस लॅपटॉप पेटीत. कोठी मात्र तशीच ठेवायला सांगितली आहे, आईनं अर्धीच पोती हलवली.