नव्या बॅरलमध्ये न बसणारी काडतुसं: माझा अनुभव

९×१९ काडतुसाच्या (९ मिमीची गोळी, १९ मिमी लांब पुंगळी) पिस्तुलाला नवं बॅरल घातलं आणि जुन्या बॅरलमध्ये बिनतक्रार चालणारी, मी स्वतः भरलेली काडतुसं त्यात रुतायला लागली. स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) शेवटपर्यंत पुढे जाईना. अशा वेळी अंगठ्याने स्लाइड ढकलून बंद करावीशी वाटते. ते अजिबात करायचं नाही. घट्ट रुतलेलं काडतूस मागे ओढताना गोळी रायफलिंगमध्येच (बॅरलच्या आतल्या पिळदार कंगोऱ्यांत) अडकून राहू शकते आणि पावडर यंत्रणेत सांडते. स्लाइड अर्धवट बंद असताना बार उडाला तर पुंगळीला (काडतुसाच्या पितळी नळीला) पुरता आधार नसतो आणि ती बुडाशी फाटते.

पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून बॅरल बाहेर काढलं. नव्या बॅरलला साठवणीचं तेल असतं, म्हणून चेंबर (बॅरलच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) ब्रशने घासून कोरडं पुसलं. मग प्लंक टेस्ट. बॅरलचं तोंड खाली धरून काडतूस चेंबरमध्ये नुसतं सोडायचं, दाबायचं नाही. नीट असेल तर ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो आणि पुंगळीचं बूड बॅरलच्या मागच्या ओठाशी समपातळीत बसतं. बोटाने फिरवलं की ते मोकळं फिरतं आणि बॅरल उलटं केलं की स्वतःच्या वजनाने खाली पडतं. चारही गोष्टी जमल्या तरच पास. तुलनेला कंपनीचं एक काडतूस जवळ ठेवलं होतं, ते लगेच बसलं. म्हणजे बॅरलचा दोष नव्हता. माझ्या ५० पैकी फक्त ९ पास झाली.

आता डाय (काडतुसं भरायच्या प्रेसवरचे साचे) फिरवायला घेण्याआधी काडतूस नेमकं कुठे घासतंय ते पाहायला हवं. आपल्यापैकी बरेच जण इथेच घाई करतात. अडलेलं एक काडतूस गोळीसकट काळ्या परमनंट मार्करने रंगवलं, वाळू दिलं, चेंबरमध्ये सोडून हलक्या हाताने अर्धा फेरा फिरवलं आणि काढून उजेडात धरलं. पुंगळीच्या तोंडाच्या पुढे, गोळीच्या फुगीर भागावर सहा बारीक चकचकीत रेघा होत्या, अगदी सारख्या अंतरावर. त्या रायफलिंगच्या खुणा. रंग पुंगळीच्या तोंडावर गोल कड्यासारखा गेला असता, तर क्रिंप (पुंगळीचं तोंड आवळणं) कमी पडला असं धरलं असतं. तोंडाच्या खाली एकाच बाजूला गेला, तर गोळी तिरकी बसलेली. बुडाजवळ गेला, तर सायझिंग (पुंगळी डायमध्ये दाबून मापात आणणं) अपुरं.

ही सगळी काडतुसं केस गेजमध्ये (पुंगळी तपासायच्या ठोकळ्यात) व्यवस्थित बसत होती, कारण साध्या गेजमध्ये पुंगळीचं माप तपासलं जातं. पुढे रायफलिंग नसतंच. लांबीही नियमात होती. ९×१९ची कमाल एकूण लांबी २९.६९ मिमी, माझी २९.२. पण ती लांबी गोळीच्या टोकापर्यंत मोजतात आणि रायफलिंगला टोक लागत नाही, खांदा (टोकामागचा रुंद भाग) लागतो. माझ्या सपाट टोकाच्या, लेप दिलेल्या शिशाच्या गोळ्यांचा खांदा रुंद आहे आणि तो पुंगळीच्या बराच बाहेर राहतो. जुन्या बॅरलचा घसा (चेंबरपुढचा, रायफलिंग सुरू होईपर्यंतचा भाग) लांब होता, त्यामुळे खपून गेलं. नव्याचा आखूड आहे. म्हणून काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधली लांबी त्याच गोळीसाठी आणि तिथल्या चाचणी-बॅरलसाठी खरी मानायची. आपल्या बॅरलची लांबी आपणच काढायची.

त्यासाठी डमी केली. प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) नाही, पावडर नाही. सायझ केलेली पुंगळी, तोंड नेहमीइतकंच फाकवलेलं, गोळी मुद्दाम लांब बसवलेली आणि फाकवलेलं तोंड बंद होईल एवढाच क्रिंप. मग सीटिंग डायचा (गोळी पुंगळीत बसवणाऱ्या डायचा) दांडा दर वेळी सुमारे ०.१ मिमी खाली घेत गेलो आणि प्रत्येक वेळी प्लंक टेस्ट केली. २८.४ मिमीला डमी मोकळी फिरली. त्यातून ०.४ मिमी वजा करून २८.० ठरवली. हे अंतर सोडायलाच हवं. गोळ्यांच्या आकारात थोडा फरक असतो, प्रेसवर लांबी मागेपुढे होते आणि चेंबरमध्ये काजळी साचते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट यानंतरची. गोळी १.२ मिमी आत गेली म्हणजे पुंगळीतली जागा तेवढी कमी झाली. ९×१९ची पुंगळी मुळातच लहान, त्यामुळे तेवढ्याच पावडरवर दाब बराच चढतो. जुना चार्ज (पावडरचं माप) तसाच ठेवून नुसती लांबी कमी करणं धोक्याचं आहे. त्या गोळीसाठी आणि त्या पावडरसाठी मॅन्युअलमध्ये दिलेल्या सुरुवातीच्या चार्जवर मी परत गेलो आणि तिथून ०.१ ग्रेनच्या (पावडरचं वजन मोजायचं एकक) टप्प्याने वर आलो. भरलेली जुनी काडतुसं पुन्हा डायखाली घेऊन गोळी आत दाबणंही याच कारणाने वर्ज्य.

नव्या लांबीची ५० भरली. ४४ पास, ६ अडली. म्हणजे दुखणं एकच नव्हतं.

पुन्हा मार्कर. चारांचा रंग तोंडावर गेला होता. कॅलिपरने तोंडाचा व्यास ९.६६ मिमी आला, कमाल माप ९.६५. मी सीटिंग आणि क्रिंप एकाच डायमध्ये करत होतो आणि पुंगळ्या मिश्र होत्या. आखूड पुंगळीला त्याच सेटिंगवर कमी क्रिंप मिळतो. क्रिंप वेगळ्या डायमध्ये नेला आणि तोंड ९.६०वर आणलं. याहून जास्त दाबू नये. हे काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतं, त्यामुळे टेपर क्रिंपचं काम फक्त फाकवलेलं तोंड सरळ करणं. जास्त दाबलं तर तोंडाखाली फुगवटा येतो आणि शिशाची गोळी आवळली जाते. पितळ थोडं परत उघडतं, शिसं उघडत नाही, आणि गोळीवरची पकड ढिली होते. भरलेलं काडतूस पुन्हा दाबून मापात आणणाऱ्या कार्बाइड रिंगच्या डायमध्येही शिशाच्या गोळीचं हेच होतं, म्हणून मी तो वापरत नाही.

उरलेल्या दोघांचा रंग बुडाच्या खोबणीच्या थोडं वर गेला होता. सायझिंग डाय आणि शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा भाग) यांच्यात कागद सरकेल एवढी फट होती. रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) वर नेऊन, पुंगळी आत असताना, डाय टेकेपर्यंत खाली घेतला आणि लॉक रिंग आवळली. आता बुडाजवळचा तो फुगवटा निघतो.

शेवटी पकड तपासली. डमीची लांबी मोजली, टोक लाकडी टेबलावर टेकवून अंगठ्यांनी जोरात दाबलं, पुन्हा मोजलं: २८.० ची २८.०. ०.१ मिमीहून जास्त आत गेली असती तर फाकवण्याचं आणि सायझिंगचं माप परत तपासलं असतं. मॅगझिनमधून दोन डमी हाताने स्लाइड ओढून चालवल्या, त्यांचीही लांबी बदलली नाही.

प्रत्येक नव्या गोळीसाठी एक डमी आता लांबी कोरून डब्यात ठेवतो, आणि पूर्ण लॉटची प्लंक टेस्ट बॅरल हातात घेऊनच करतो. २९.२ची उरलेली काडतुसं वेगळ्या डब्यात आहेत, झाकणावर ‘फक्त जुनं बॅरल’ असं लाल अक्षरात लिहून.