एग्लिंटनचा सरकता जिना

टोरांटोच्या फेब्रुवारीत माणूस फुगतो. गर्दीच्या शास्त्रात माणसाचं वरून दिसणारं माप ठरलेलं आहे: 60 सेंटीमीटर रुंद आणि 45 सेंटीमीटर खोल लंबगोल. त्यावर जाड कोट, पाठीला सॅक आणि एका हातात कॉफी आली की ते माप कागदावरच राहतं. एग्लिंटन स्टेशनच्या फलाटावर सकाळी साडेआठला माणसं मोजायचा क्लिकर घेऊन उभी होते, तेव्हा मी आधी हेच वहीत लिहिलं.

1954 च्या मार्चमध्ये यंग स्ट्रीटखालची भुयारी रेल्वे सुरू झाली. कॅनडातली ती पहिलीच, आणि एग्लिंटन हे तिचं उत्तरेकडचं शेवटचं स्टेशन. पुढे ती फिंचपर्यंत वाढली, त्यामुळे सकाळी शहराकडे जाणारी गाडी एग्लिंटनला येते तीच भरून. आता याच स्टेशनच्या खालून क्रॉसटाउन ही 19 किलोमीटरची, 25 थांब्यांची लाइट रेल आडवी जाणार होती. वरच्या रुळांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1495 मिलिमीटर, खालच्यांचा 1435. दोन्हीकडच्या गाड्या एका रुळावर कधीच येणार नाहीत, गाडी बदलायची ती माणसांनीच. म्हणून वरचा फलाट सुमारे 24 मीटर उत्तरेला सरकवून खालच्या स्टेशनच्या माथ्यावर आणायचं ठरलं होतं. खालून येणारा लोंढा वर नेमका कुठे उतरेल आणि तिथे जागा उरेल का, एवढंच तपासायचं माझ्याकडे होतं.

गर्दीचं संगणकावरचं मॉडेल खूश होतं. सगळा फलाट हिरवा, म्हणजे मोकळा, मध्ये दोन-चार पिवळे ठिपके.

पावणेनऊच्या सुमाराला घोषणा झाली की पुढे कुठेतरी सिग्नलचा बिघाड आहे, गाड्या उशिरा येतील. बाहेर बर्फ होता. बसमधून उतरलेली माणसं परत वर कशाला जातील? ती येतच राहिली. आमच्या नकाशात नव्या सरकत्या जिन्याचं वरचं तोंड जिथे होतं तिथे मी फरशीवर पांढऱ्या टेपचा चौकोन आखून ठेवला होता. जिन्यावरून येणाऱ्या माणसाला पाय टाकायला आणि दोन पावलं पुढे सरकायला लागणारी जागा तेवढी. दहा मिनिटांत टेप दिसेनाशी झाली. चौकोनात बाबागाडी घेतलेली एक बाई आणि तिच्याभोवती खांद्याला खांदा लावून फोन बघणारी माणसं.

खरं सांगायचं तर डोंबिवलीच्या पोरीला ही गर्दी म्हणजे काहीच नाही. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चौरस मीटरला 14 ते 16 माणसं असतात, हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं की ते नम्रपणे हसतात आणि मनातल्या मनात भागिले दोन करतात. पण डब्यातली गर्दी वेगळी आणि जिन्यावरची वेगळी. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 ला 23 माणसं चेंगरून गेली, त्याला तेव्हा पाचेक महिनेच झाले होते. साध्या जिन्यावर पुढचा थांबला तर निदान मागच्याला थांबता येतं. सरकता जिना माणसाला विचारत नाही. समोर जागा असो नसो, तो मिनिटाला शंभरेक माणसं आणून ओततो.

वरून खाली येणारा एक सरकता जिना तेव्हाही नेमकं तेच करत होता. तेवढ्यात स्टेशनवरचा एक सुपरवायझर गर्दीतून वाट काढत जिन्याच्या पायथ्याशी आला, "हँडरेल धरा, जिना थांबतोय" असं दोनदा ओरडला, गुडघ्यावर बसला आणि कठड्याच्या बुडाशी असलेल्या भोकात किल्ली घालून त्याने जिना थांबवला. येणाऱ्यांचा वेग झटकन उतरला. फलाटावरच्यांना श्वास घ्यायला जागा झाली.

"हे कुठल्या नियमावलीत आहे?" मी विचारलं.

"थांबवायचं आहे. कधी थांबवायचं ते नाही," तो म्हणाला. मग माझ्या टेपकडे बोट दाखवून, "इथे जिना आणताय? इथे तर सगळे ब्लूरवाले उभे असतात."

ब्लूरवाले म्हणजे पाच स्टेशनं पुढे ब्लूर-यंगला उतरून दुसरी लाइन पकडणारे. तिथे जिन्यासमोर दार उघडावं म्हणून ते इथेच त्या दाराची जागा धरून उभे राहतात. हे ऐकून मला हसूच आलं. दादरला पुलासमोर कुठला डबा लागतो हे डोंबिवलीत पोराटोरांनाही ठाऊक असतं. त्यावरच तर सकाळी फलाटावर कुठे उभं राहायचं ते ठरतं. मॉडेलमधले प्रवासी मात्र कुठल्याच गावचे नव्हते. ते सहा डब्यांच्या 24 दारांसमोर गुमान सारखे वाटून उभे राहत होते.

दुसऱ्या दिवशी ब्लूरला जाऊन जिन्यासमोर कुठली दारं येतात ते टिपलं, चढणाऱ्यांची वाटणी त्याप्रमाणे बदलली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. टेपचा चौकोन लालभडक झाला.

बैठकीत अर्थातच वाद झाला. स्ट्रक्चरवाला म्हणाला, जिना एक मीटरसुद्धा हलणार नाही. त्याचंही खोटं नव्हतं. गाड्या चालू ठेवून जुन्या स्टेशनचा सगळा भार नव्या खांबांवर आणि तुळयांवर पेलून धरायचा आणि त्याच्या खाली खोदायचं; जिन्याचा खड्डा त्या खांबांच्या मधल्या फटीत कसाबसा बसवलेला. आर्किटेक्टला जिन्यासमोरचं बाकडं आणि नकाशाचा फलक जागचे हलवायचे नव्हते, कारण चित्रात ते छान दिसत होते. गाडी बदलायला आलेला नवखा माणूस जिन्यावरून उतरला की पहिल्यांदा नकाशापाशीच थबकणार, आणि त्याच्या पाठीवर मागचे शंभर येऊन आदळणार, हे समजावण्यात पाऊण तास गेला.

जिना जागेवरच राहिला. बाकडं गेलं. फलक पुढे, गर्दीच्या वाटेबाहेर सरकला. आणि जिना थांबवायची किल्ली वाकून शोधावी लागू नये म्हणून ती जिन्याच्या दोन्ही टोकांना, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर हवी, ही ओळ मी आमच्या टिपणात घातली. त्यावर दोन आठवडे कुणी काहीच बोललं नाही. मग विजेच्या कामाच्या माणसाचा एका ओळीचा प्रश्न आला, किल्ली डाव्या हाताला हवी की उजव्या? मी त्याला सुपरवायझरचा नंबर दिला.