काही दिसत नाही, सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा सगळ्यात आधी आठवला तो नववीतला संस्कृतचा एक तास. मैदान, सहली, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मला त्या एका तासाबद्दलच लिहायचं आहे. पुढे अध्यात्माच्या वाटेवर जी काही चार पावलं टाकली, त्यातलं पहिलं त्या वर्गात पडलं, असं मी मनापासून मानतो.

त्या वर्षी गीतेच्या पंधराव्या अध्यायाच्या पाठांतराचं पहिलं बक्षीस मला मिळालं होतं. वीसच्या वीस श्लोक, कुठे अडखळणं नाही, विसर्गसुद्धा जागच्या जागी. सगळीकडे कौतुक झालं आणि जे पाठ आहे ते कळलेलंही आहे, असं मला खरोखर वाटू लागलं. 'ऊर्ध्वमूलमधःशाखम्' म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर मी विचार करायलाही थांबलो नसतो.

सर वर्गात आले ते मूठ मिटून. टेबलावर मूठ उघडली तर आत वडाचं लालसर फळ. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या कंपासपेटीतून त्यांनी कर्कटक घेतलं आणि फळ उकललं. आत बियाच बिया, मोहरीपेक्षाही बारीक. त्यातली एक कोऱ्या कागदावर काढून कर्कटकाच्या टोकाने चिरडली. कागदावर टाचणीच्या डोक्याएवढा ओलसर डाग उरला.

"या, जवळ या सगळे. काय दिसतंय?"

मी सगळ्यांच्या पुढे होतो. ही गोष्ट मी वाचलेली होती. म्हणालो, "सर, आत्मा."

सर काही बोलले नाहीत. तेवढ्यात मागून एक मुलगा वाकून वाकून बघत होता, तो म्हणाला, "काही दिसत नाही, सर."

"बरोबर," सर म्हणाले. "श्वेतकेतूने वडिलांना हेच उत्तर दिलं होतं. 'न किञ्चन भगवः.' काहीच दिसत नाही." मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू म्हणालास ते पुस्तकात आहे, खोटं नाही. पण तुला ते दिसलं का रे?"

मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणायला जीभ वळेना. तो प्रश्न आजही माझ्यापाशी आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातली ही गोष्ट सरांनी मग सगळी सांगितली. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे गेला, बारा वर्षं वेद शिकून चोविसाव्या वर्षी घरी आला, तो आपल्याला सगळं येतं या समजुतीत. त्याचं वर्णन करताना उपनिषदाने 'स्तब्ध' असा शब्द वापरला आहे; त्याचा अर्थ ताठ. वडिलांनी, म्हणजे उद्दालकांनी, मुलाला रागावून ताळ्यावर आणलं नाही. एकच विचारलं: जे जाणल्याने न ऐकलेलंही ऐकलेलं होतं, ते तू विचारून घेतलंस का? तिथून सुरू झालेला संवाद या बीजापर्यंत येतो. काहीच दिसत नाही, असं मुलाने सांगितल्यावर मग वडील म्हणतात: बाळा, ज्या सूक्ष्माला तू पाहू शकत नाहीस, त्यातूनच हा एवढा मोठा वड उभा आहे. श्वेतकेतूने माझ्यासारखं ऐकीव उत्तर दिलं असतं तर उद्दालकांना पुढे बोलायला जागाच उरली नसती. 'तत्त्वमसि', म्हणजे 'ते तू आहेस', हे या अध्यायात पुन्हा पुन्हा येणारं वाक्य आपण भिंतीवर लिहितो, पण ते 'काही दिसत नाही' म्हणणाऱ्या मुलाला सांगितलेलं आहे, हे विसरतो.

यात अज्ञानाची थोरवी गायची नाही. अभ्यास नको, ग्रंथ नकोत, नुसता भाव पुरे असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ईशोपनिषद दोन्हीकडे बोट दाखवतं: अविद्येची उपासना करणारे गडद अंधारात जातात आणि विद्येतच रमणारे त्याहून जास्त अंधारात. समर्थ रामदासांनीही दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. नुसत्या मूर्खाला आज ना उद्या आपली उणीव जाणवते. शिकलेल्याची उणीव शब्दांखाली झाकली जाते आणि बहुतेक वेळा ती त्याची त्यालाच सापडत नाही. मी त्यातलाच होतो.

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. नम्रता ही ज्ञान मिळवण्याआधी पुरी करायची अट आहे, असं मला वाटायचं. पण गीतेचा तेरावा अध्याय 'अमानित्व' या शब्दाने यादी सुरू करतो, पुढे अदंभित्व, अहिंसा, क्षमा असं एकेक सांगत जातो आणि शेवटी म्हणतो, यालाच ज्ञान म्हणतात. मान न मागणं हेच ज्ञानात मोजलं आहे, तेही पहिल्या क्रमांकावर.

नम्रता म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, हाही तसाच एक गैरसमज. चौथ्या अध्यायात ज्ञान कसं मिळवावं ते सांगताना प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध 'परिप्रश्न' ठेवला आहे. अर्जुनाने 'मी तुझा शिष्य, मला शिकव' म्हणून शरणागती पत्करली खरी, पण तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच तो कृष्णाला सांगतो की तुझ्या अशा संदिग्ध बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते आहे. इतकं स्पष्ट बोलूनही त्याचं शिष्यपण उणावलं नाही. शंका विचारू नका, श्रद्धा ठेवा, असं सांगणाऱ्या एका ठिकाणी मीही काही वर्षं गेलो. तिथे माझी नम्रता वाढली नाही, भीती मात्र वाढली.

आई गेली त्या रात्री मला सगळं पाठ होतं. आत्मा अमर आहे, देह वस्त्रासारखा आहे, सगळे श्लोक अर्थासकट. धाकटी बहीण शेजारी बसली होती. तिने विचारलं, "दादा, आई आता कुठे असेल रे?" तोंडापर्यंत श्लोक आला होता. आणि सरांचा तो हळू आवाज ऐकू आला: तुला दिसलं का रे? मी म्हणालो, "मला माहीत नाही गं." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मीही रडलो. त्या रात्री आम्हा दोघांना जो आधार वाटला, तो श्लोकाने दिला असता असं मला वाटत नाही.

नंतर छांदोग्य उपनिषदाचाच सातवा अध्याय वाचताना नारद भेटले. सनत्कुमारांकडे जाऊन ते आपण शिकलेल्या विद्या मोजून दाखवतात: चारही वेद, इतिहासपुराण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्यासुद्धा. आणि मग म्हणतात, मी मंत्र जाणणारा आहे, आत्मा जाणणारा नाही. महाराज, मी शोकात आहे. एवढा मोठा विद्वान 'मला दुःख होतंय' असं सरळ सांगतो, या ओळीपाशी मी कितीतरी दिवस थांबलो होतो.

तेव्हापासून एक वही ठेवली आहे. पानावर तीन रकाने: वाचलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं. पहिले दोन भराभर भरतात. तिसऱ्यात इतक्या वर्षांत जेमतेम अकरा ओळी आहेत आणि त्यातल्या दोन मी नंतर खोडल्या, कारण त्या वाचलेल्याच निघाल्या.

सर आता नाहीत. त्यांच्या घरच्यांनी त्यांची उपनिषदांची जुनी प्रत मला दिली. समासात टिपणं थोडी, प्रश्नचिन्हंच जास्त. वडाच्या बीजाच्या परिच्छेदापाशी पेन्सिलीने काढलेलं एक प्रश्नचिन्ह आहे, पुसट झालेलं. त्याच्या खाली निळ्या शाईतलं एक. आणि त्याखाली थरथरत्या हाताने काढलेलं तिसरं.