माना, टाचा आणि पंचांचा गुडघा

फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाला पोर्टफोलिओसाठी तीन विषय सक्तीचे होते: क्रीडा, वन्यजीव आणि लँडस्केप. मार्चअखेर उजनीवर फ्लेमिंगो असतात, पाणी उतरू लागलेलं असतं आणि गावोगावच्या यात्रांमध्ये कुस्त्या लागतात. म्हणजे तिन्ही एकाच पट्ट्यात. भाड्यानं आणलेल्या, लांबचं जवळ आणणाऱ्या १५०-६०० लेन्सचे पैसे दिवसावर लागत होते, हे खरं कारण.

कुंभारगावहून उजाडताच होडी काढली. नावाडीमामांनी ट्रायपॉड किनाऱ्यावरच ठेवायला लावला. होडी हलली की तोही हलणार, नुसती अडगळ. मी तळाशी मांडी घालून बसलो. नजर पाण्याच्या जितकी जवळ, तितकी पक्ष्यामागची पार्श्वभूमी लांब जाते आणि धूसर होते. शेजारच्या होडीतले पर्यटक त्यांच्या नावाड्याला ‘जरा उडवा ना’ म्हणून गळ घालत होते. मला याचा संताप येतो. चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत बसणाऱ्या पक्ष्याला उठवलं की त्याचं खाणंच मोडतं. मामांनी आमची होडी लांबच थांबवली.

‘‘दादा, पंखांकडं बघू नका, माना बघा. चरताना सगळ्या खाली असतात. एकेक वर व्हायला लागली आणि सगळे एकाच बाजूला चालायला लागले की समजायचं. वारं जिकडनं येतंय, तिकडंच पळणार.’’

वारा डावीकडून होता. फ्रेममध्ये डावीकडं जागा मोकळी सोडली, शटर सेकंदाच्या १/२००० वर ठेवला आणि बसून राहिलो. बऱ्याच वेळानं एक शिकारी पक्षी वरून गेला. आधी बदकं उठली. मग माना वर झाल्या, चाल सुरू झाली, चालीचं पळणं झालं आणि पाण्यावर पावलं टाकत थवा डावीकडंच उचलला गेला. उभ्या फ्लेमिंगोत जवळजवळ न दिसणारा गुलाबी-काळा रंग पंख उघडताच फ्रेमभर पसरला.

दुपारी पळसदेव. उजनीचं पाणी उतरलं की बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. जागा जबरदस्त, पण ऊन डोक्यावर आणि आकाशात ढगाचा पत्ता नाही. कृष्णधवलमध्ये खपेल एवढं काढलं आणि निघालो.

चारनंतर कुस्तीचं मैदान. हलगी कडाडत होती, निवेदक जोडी पुकारत होता. मी ७०-२०० ची लेन्स घेऊन आखाड्याच्या कडेला मातीतच बसकण मारली. शड्डू, पकड, झटापट सगळं हातांतच दिसतं, म्हणून फोकस हातांवर ठेवला होता. शेजारी फेटेवाले एक आबा होते. कानांच्या गाठी झालेल्या, म्हणजे एके काळचे पैलवान. थोडा वेळ माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘पोरा, हात फसवत्यात. कमरंखाली बघ. टाच उचलली की डाव आला.’’

सकाळी माना, आता टाचा. मी लेन्स खाली केली.

शेवटच्या मोठ्या जोडीत एकाची डावी टाच मातीतून सुटली आणि मी शटर दाबून धरला. ढाक, म्हणजे कमरेवरून उचलून फेकायचा डाव, बसली. समोरचा पैलवान हवेत आडवा, दोघांच्या मध्ये उडालेली लाल माती. पंचांनी निकाल दिला आणि मैदान दुभंगलं. निम्मे म्हणत होते पाठ मातीला लागली, म्हणजे कुस्ती झाली; निम्मे म्हणत होते एक खांदा वरच होता. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, ‘‘त्या कॅमेरेवाल्याकडं बघा की!’’

क्षणात माझ्याभोवती रिंगण आणि एवढ्याशा पडद्यावर वाकलेली डोकी. एकेक फ्रेम सरकवली. टाच सुटली, कंबर उचलली, गडी हवेत, गडी खाली... आणि नेमका खांद्याच्या जागी वाकून बघणाऱ्या पंचांचा गुडघा. पुढच्या फ्रेममध्येही गुडघाच. फोटोग्राफरला हवेतला क्षण हवा असतो. कुस्तीचा निकाल त्यानंतर मातीत लागतो.

‘‘मग एवढ्या मोठ्या नळकांड्याचा उपयोग काय?’’ आबांनी विचारलं. मागून हशा पिकला. त्या हशानं ताणही जरा उतरला असावा, कारण कुस्ती पुन्हा लावायचं ठरलं.

मी उठून पंचांच्या समोरची बाजू धरली. थोड्याच वेळात त्याच गड्यानं पट काढला, म्हणजे समोरच्याचे पाय ओढून त्याला पाडलं, आणि या वेळी पाठ लागल्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. माझ्या फ्रेममध्ये मात्र आखाड्यात धावत आलेला हलगीवाला आहे.