लाखाचा लॅपटॉप घेताय? आधी आपला पिनकोड सांगा

महागडा लॅपटॉप घेताना सगळे प्रोसेसर बघतात. बेळगाव शहरात एकवेळ चालेल, पण खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी आधी वॉरंटीचा प्रकार बघावा. 'ऑनसाइट' म्हणजे तंत्रज्ञ घरी येणार, 'कॅरी-इन' म्हणजे मशीन घेऊन तुम्ही सेंटरला जायचं. ऑनसाइट सेवा प्रत्येक पिनकोडला मिळतेच असं नाही. बिल करण्याआधी पिनकोड देऊन कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. दुकानातला तोंडी शब्द पुढे कामाला येत नाही.

खरी गोम बॅटरीत आहे. लॅपटॉपला ३ वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बऱ्याचदा १ वर्षाचीच असते. त्यामुळे अकराव्या महिन्यात विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढाच. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५७,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता) ४२,००० मिलिवॉट-तास दिसली, तर बॅटरी ७४ टक्क्यांवर आली आहे. लगेच तक्रार नोंदवा. मॅकबुकमध्ये सायकल काउंट बघायचा, म्हणजे बॅटरीची पूर्ण क्षमता किती वेळा वापरून झाली तो आकडा. अलीकडच्या मॉडेलांची मर्यादा १,००० सायकल आहे.

दिवसभर चार्जर लावूनच काम होत असेल तर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की सेल झपाट्याने उतरतात. टचपॅड दाबायला जड जातोय, झाकण एका कोपऱ्यात उचललेलं राहतंय? बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, मशीन बंद करा, टोचू-दाबू नका.

आणि रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) असेल, तर १६ जीबीपेक्षा कमी घेऊच नका. नंतर वाढवता येत नाही.