लॅपटॉप बॅकअप : शेवटी रेस्टिकच
उबुंटूवाल्या लॅपटॉपचा बॅकअप यापुढे रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामवर, हे आता पक्कं. आरसिंक (फाइल्सची प्रत करणारा प्रोग्राम) आणि बोर्ग (रेस्टिकसारखाच बॅकअप प्रोग्राम) दोन्ही वापरून पाहिले. निवड कशी झाली ते सविस्तर लिहिते, तुमच्यापैकी काहीजण याच टप्प्यावर आहेत.

जपायचंय ते मुख्यतः नागपूरच्या अंबाझरी आणि गोरेवाड्याला टिपलेल्या पक्ष्यांच्या रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेले मूळ फोटो. रॉ एकदा कॉपी झाली की बदलत नाही. पण फोटो एडिट करायच्या डार्कटेबलची एक्सएमपी फाइल (एडिटची नोंद तिच्यात असते) प्रत्येक एडिटला बदलते, आणि मला तिची महिन्यापूर्वीची आवृत्तीही हवी असते. आरसिंक नुसती आरशासारखी प्रत ठेवतं. डिलीटचा पर्याय चालू असला तर इकडे उडालेली फाइल तिकडेही उडते. त्याचा लिंक-डेस्ट हा पर्याय वापरून जुन्या प्रती ठेवता येतात, पण त्याला हार्डलिंक (एकाच फाइलला दोन नावं) लागतात आणि माझी डिस्क एक्सफॅट फॉरमॅटची. तिथे हार्डलिंक नाहीतच.

बोर्ग फार आवडलं, खरं सांगते. फाइलचे तुकडे करून फक्त नवे तुकडे साठवायचे, ही रीत त्याची आणि रेस्टिकची सारखीच. फरक पडला तो दादाच्या विंडोज लॅपटॉपमुळे. माझं मशीन बंद पडलं तर घरात दुसरं तेवढंच. बोर्गची अधिकृत विंडोज आवृत्ती नाही. रेस्टिक म्हणजे एकच फाइल, डाउनलोड केली की चालते. दादाच्या लॅपटॉपवर डिस्क लावली, पासवर्ड टाकला, स्नॅपशॉटची (त्या-त्या वेळच्या बॅकअपची) यादी आली. 'गोरेवाडा हिवाळा' हे फोल्डर रिस्टोअर केलं. देवनागरी नावं जशीच्या तशी, आणि रॉ फाइल्सचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मूळ फाइल्सशी तंतोतंत जुळले. माझ्यासाठी निवड तिथेच झाली. रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय मी कशालाच बॅकअप म्हणत नाही.

आता आपल्या उन्हाळ्याचं. नवतप्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि कितीतरी पोर्टेबल हार्डडिस्कच्या कागदावर चालवायची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. म्हणून मे महिन्यात बॅकअप पहाटेच, आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात. कूलरच्या झोताजवळ अजिबात नाही, त्या हवेत ओल असते.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुसरी डिस्क घ्यायला गेले तेव्हा एसएसडीचा मोह होता. पण ही डिस्क वर्ध्याला मावशीकडे महिनोन् महिने विजेशिवाय नुसती पडून राहणार. जेडेक या मेमरी-चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार, लेखनक्षमता पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांवर १ वर्ष डेटा धरायला हवा. नवी एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकते, पण उष्णता वाढली की ती मुदत घटते. वर्ध्याचं कपाट उन्हाळ्यात ३० अंशांवर कुठलं राहायला! हार्डडिस्कच घेतली, स्वस्तही पडली.

पासवर्ड हरवला तर रेस्टिकचा डेटा कोणालाच उघडता येत नाही. तो कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवलाय, एक प्रत दादाकडे.

सध्या ७ दैनिक, ४ साप्ताहिक आणि १२ मासिक स्नॅपशॉट ठेवतेय. बॅकअप आपोआप चालवणारा सिस्टमडी टायमर अजून लावायचाय. दिवाळीत वर्ध्याला डिस्कची अदलाबदल होईल, तेव्हा परत आलेल्या डिस्कवर रीड-डेटासकट (साठवलेला सगळा डेटा वाचून) पूर्ण चेक चालवून निकाल टाकते.